निळ्याचा शेवटचा दोर

१

"आधी ती कात्री खाली ठेव, ताई."

"ठेवते. कापून झाल्यावर."

अर्धा तास हेच चाललं होतं. थोरली कामाच्या टेबलाशी उभी होती. उजव्या हातात कात्री, डाव्या हातात कॅसेट, कॅसेटचं झाकण अंगठ्यानं उघडून धरलेलं आणि आतली काळी फीत पात्यांपासून बोटभर लांब. धाकटा समोर खुर्चीत बसला होता. वय अडुसष्ट, अंगात त्राण चिमणीएवढं, पण बहिणीशी भांडायला लागला की सातवीतला व्हायचा.

त्या घरात भांडायचाही एक नियम होता. ज्याला पुरे झालं, त्यानं टेबलाच्या लोखंडी पायाला हात नाहीतर पाय लावायचा. लावला की दुसऱ्यानं त्याच क्षणी सोडायचं. जिभेवर आलेलं वाक्यसुद्धा गिळून टाकायचं. ह्याला ते 'दोर धरणं' म्हणत. दोर फुकट मिळत नसे. प्रत्येक वेळी दाराशेजारच्या भिंतीवर धरणाऱ्याच्या नावाखाली खडूची एक रेघ, आणि पाच रेघा झाल्या की आठवडाभर भांडी त्याची. धाकट्यानं उभ्या आयुष्यात इतकी भांडी घासली होती की त्याची नखं कायम पांढरी असायची. थोरलीच्या नावाखाली तीस वर्षांत भिंत कोरी होती. आलेल्यागेलेल्याला ती ती कोरी भिंत मुद्दाम दाखवायची.

आज धाकटाही दोर धरत नव्हता.

"तू फीत कापलीस तर तो तसाच राहील," तो म्हणाला. "पेचात. कायमचा. हे तुला चालेल?"

थोरलीनं घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन. तीन वाजून दहा मिनिटांनी जे व्हायचं ते कॅसेट लावली तरी होणार होतं, नाही लावली तरी होणार होतं. तिला फक्त एवढंच ठरवायचं होतं, की कशानं तिचा भाऊ जिवंत राहील.

२

तिचा धंदा जुन्या कॅसेटींचा. लोक माळ्यावरून काढलेल्या व्हिडिओ कॅसेटी घेऊन येत, बारशाच्या, सहलींच्या, गेलेल्या माणसांच्या, आणि ती त्या चालू करून संगणकावर उतरवून देई. कुणी शिकवलं नव्हतं. पहिला प्लेयर तिनं उघडला तेव्हा सगळे स्क्रू बशीत ओळीनं मांडले आणि पुन्हा बसवताना एक उरला. तो स्क्रू अजून तिच्या गळ्यातल्या साखळीत होता. कंपनीची माणसं चुकीच्या जागी जास्तीचे स्क्रू घालतात, असं तिचं म्हणणं होतं.

तीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी खोकाभर कॅसेटी टाकून गेलं आणि न्यायला परत आलंच नाही. त्या जपानी कुस्तीच्या निघाल्या. आधी तिनं नाक मुरडलं. तिला वाटलं, झगमगीत कपडे, दोरांवरून उड्या, खोटं कण्हणं. पण हे तसलं नव्हतं. पांढऱ्या चटईवर दोन माणसं, साधी चड्डी, नडगीला बांधलेली पट्टी. एकही उडी नाही. ते एकमेकांभोवती फिरत, उघड्या हातानं सणसणीत चपराक देत, मांडीवर लाथ घालत, ती लागली की सभागृहात चामडं फाटल्यासारखा आवाज घुमे. मग खाली पडून एकमेकांचा सांधा शोधत. कोपर, गुडघा, घोटा. कुलूपवाला कुलपात तार फिरवतो तसे शांतपणे, घाई न करता. सापडला की पिळत. ज्याला पिळलं त्यानं रिंगणाच्या कडेच्या दोराला हात किंवा पाय लावला की पंच सोडवायचा. पण एक गुण जायचा. पाच गेले की हार.

थोरलीला हे एका बैठकीत पटलं. दुपारी काम आवरून तीनला एक कुस्ती बघायची, असा दोघांचा नेम पडला, आणि घरातल्या भांडणाचा नियमही तिथूनच आला.

धाकट्याची मुलगी दवाखान्यात नर्स होती. ती एकदा म्हणाली, आत्या, हे कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं गं, मी वाचलंय. आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. "ऑपरेशनही तुम्ही आधी ठरवूनच करता ना? मग कापत नाही का?" भाचीनं तो विषय पुन्हा काढला नाही. थोरलीला ठाऊक होतंच की ठरलेलं असतं. तिला त्यातच गंमत होती. शेवट दोघांना माहीत आहे, तरी लाथ खरी, पिळलेलं कोपर खरं, आणि मधल्या प्रत्येक सेकंदाला हा माणूस प्रामाणिक राहतो की नाही, एवढंच बघायचं.

सगळ्यांत लाडकी कॅसेट होती निळ्या आणि तांबड्याची. नावं लिहिलेली होती, पण ती लिपी दोघांनाही येत नव्हती, म्हणून चड्डीच्या रंगावरून. निळा वयानं मोठा, केस विरळ, तीन गुण गमावून बसलेला. अकराव्या मिनिटाला तांबडा त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून उताणा पडतो, पाय निळ्याच्या छातीवरून आडवे टाकतो आणि कोपर उलटं ताणायला लागतो. निळ्याकडे उरलेला असतो शेवटचा दोर, त्यापुढचा म्हणजे हार. तो हार कबूल करत नाही. डावा पाय लांब करत, पाठीवर इंचाइंचानं घसटत, दोराकडे सरकत राहतो. लोक ठेक्यात टाळ्या वाजवतात. बाविसाव्या टाळीला त्याच्या टाचेला दोर लागतो. मग एका लुळ्या हातानं उठून चौदाव्या मिनिटाला तो कुस्ती मारतो.

"हा माणूस मला आवडतो," धाकटा दर वेळी म्हणायचा. दर वेळी त्या बावीस टाळ्या संपेपर्यंत तो श्वास रोखून धरायचा. थोरली हसायची.

३

चूक तिचीच होती. ती कुणाजवळ कबूल करायची नाही, पण स्वतःशी खोटं बोलणाऱ्यांतली ती नव्हती.

प्लेयर पॉजवर ठेवला की पाच मिनिटांनी आपोआप बंद होतो. आत फीत वाचणारं डोकं फिरत असतं, फीत एकाच जागी घासत राहू नये म्हणून कंपनीनं तशी सोय केलेली असते. थोरलीला ती सोय म्हणजे लुडबुड वाटायची. तिला एकेक पेच तासभर थांबवून बघायचा असे. म्हणून तिनं आतली एक तार कापून टाकली होती. तिचा प्लेयर ती सांगेपर्यंत सोडत नसे.

त्या दुपारी निळ्याचा पेच लागला. नवव्या टाळीला धाकट्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना, ओठ निळसर पडायला लागले. तिनं पॉज दाबला आणि भाचीला फोन लावला. मग अँब्युलन्स, दवाखाना, नळ्या. अकरा दिवस ती तिथल्या लोखंडी बाकावर झोपली. घरी एकदाच, कपडे न्यायला आली, तेव्हा पुढच्या खोलीत डोकावलीसुद्धा नाही.

बाराव्या दिवशी धाकट्याला घेऊन परतली, तर टीव्ही चालू. खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास. पडद्यावर निळा, उताणा, हात ताणलेला, तोंड उघडं, डावा पाय दोराकडे. अकरा दिवस.

धाकटा दारातच थांबला. "अगं," तो हळू म्हणाला, "तू ह्याला सोडवलं नाहीस?"

४

फीत त्या जागी घासली असणार हे उघड होतं. तिनं डोकं साफ केलं, रबरी पट्टा बदलला आणि कॅसेट लावली. चित्राच्या तळाशी एक पांढरी चीर आली होती, चटईच्या कडेला आडवी. तेवढं नुकसान तिनं गृहीतच धरलं होतं.

पण पाय दोराला लागायला उशीर झाला.

आधी वाटलं, भास. दुसऱ्या दिवशी तिनं घड्याळ घेतलं. पूर्वी एकोणीस सेकंद लागायचे, आता चोवीस. तिनं विचार केला की फीत ताणली गेली असेल. मग स्वतःच तो मोडून काढला. ताणलेल्या फितीवर चित्र फाटतं, आवाज जड होतो, बायकांचा पुरुषी लागतो. इथे आवाज स्वच्छ होता. टाळ्या त्याच ठेक्यात पडत होत्या. फक्त त्या बावीसच्या अठ्ठावीस झाल्या होत्या.

तिनं दुसरा प्लेयर लावला, मग तिसरा. संगणकावर उतरवून पाहिलं. अठ्ठावीस. पुढच्या दुपारी छत्तीस, आणि आदल्या दिवशी संगणकात उतरवलेलं उघडलं, तर त्यातही छत्तीस. कुस्तीची एकूण लांबी मात्र कॅसेटच्या पाठीवर लिहिलेली तेवढीच, सेकंदानं जास्त नाही. ह्या वाढीव टाळ्या कुठल्या वेळात बसत होत्या ते तिला कळेना. तिनं कागदावर आकडे मांडले, दोनदा तपासले. ज्या बाईनं उरलेल्या स्क्रूचासुद्धा हिशोब लावला होता, तिला हा लागत नव्हता.

आणि तिला आणखी एक गोष्ट दिसली. धाकटा अजूनही पाय लागेपर्यंत श्वास रोखून धरत होता.

५

"रोखू नकोस," तिनं बजावलं.

"मी रोखत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता, तिनं शोधला तरी.

चाळीस सेकंद. सेहेचाळीस. त्या वेळात त्याचा डावा पाय खुर्चीवरून पुढे ताणलेला असे, बोटं मोज्यात पसरलेली, आणि उजवा हात कोपरापासून कडक. भाची आली, तिनं त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं चिमट्याचं यंत्र लावलं आणि त्यावरचा आकडा उतरताना पाहून तिचाच चेहरा उतरला. आत्या, ही कॅसेट बंद, ती म्हणाली. आत्याला हे आधीच सुचलं होतं. तीन दिवस प्लेयरची वायर काढून कपाटात ठेवली.

ते तीन दिवस जास्त वाईट गेले. तीन वाजून दहा मिनिटांनी, बंद टीव्हीसमोर, पेपर वाचता वाचता धाकट्याचा पाय ताणला जायचा. श्वास थांबायचा. आणि टीव्हीवर दोर नसल्यानं तो कशाला लागून सुटायचा तेच कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एक मिनिट आणि आठ सेकंद मोजले. शेवटी त्याचा पाय धडपडत टेबलाच्या लोखंडी पायाला लागला आणि तो बुडता बुडता वर आल्यासारखा हवा ओढू लागला.

डॉक्टरांनी फुप्फुसं तपासली, झोपेतले श्वास तपासले, एक लांबलचक नाव लिहून दिलं. भाचीनं मोजा काढून पाहिलं. घोट्याभोवती चार लालसर खुणा होत्या, एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक. मोज्याचं इलॅस्टिक, असं ती म्हणाली. थोरलीनं तोच मोजा स्वतःच्या पायात दिवसभर घालून बघितला. इलॅस्टिकची खूण गोल पडते.

६

काल सकाळी, भाऊ झोपलेला असताना, तिनं कॅसेट एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली. फिरवायच्या चकतीवर बोट ठेवलं की एका खटक्याला एक चित्र. तिला रागच आला होता. कुणीतरी तिच्या दुकानात शिरून सामान हलवतंय तसला राग.

तांबड्याचे दोन्ही हात निळ्याच्या मनगटावर. खटका. पंच वाकलेला, हात पाठीमागे बांधलेले. खटका. निळ्याचा पाय पुढे. खटका. पाय मागे.

तो स्वतःहून मागे येत नव्हता. टाच चटईवर घासत येत होती आणि चटईला सुरकुती पडत होती.

तळाशी ती पांढरी चीर होती, घासलेली. चीर पायापाशी रुंद होती. तिनं आणखी एक खटका दिला आणि चीर जराशी बाजूला झाली. घोट्यावर चार बोटं होती.

तिनं पुन्हा मोजलं, कारण मोजणं एवढं एकच तिला जमत होतं. तांबड्याचे हात दोन, वर. पंचाचे दोन, पाठीमागे. निळ्याचा एक पेचात, एक छातीशी. रिंगणात तिघेच होते. बोटं दोराच्या बाजूनं नव्हती आली. अलीकडून आली होती, पडद्याच्या खालच्या कडेतून, जिथे चटई संपते आणि खोली सुरू होते.

थोरलीनं चकतीवरून बोट काढलं. टीव्हीच्या खाली, फरशीवर, धाकट्याची चप्पल जोडीनं ठेवलेली होती. डावी थोडी पुढे सरकलेली होती. टीव्हीकडे.

७

म्हणून कात्री.

"पळवत पुढे नेऊन बघितलीस का, शेवटपर्यंत?" धाकट्यानं विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. पळवली तरी त्या जागी प्लेयर हळू होत होता. "मग तो सुटतो की नाही ते तुलाही माहीत नाही. आणि तू कापणार. तिथे नेमकं कापणार, जिथे तो अडकलाय."

"मला त्याचं काही पडलेलं नाही. मला तुझं पडलंय."

"आता त्यात फरक राहिलाय का, ताई?"

तिनं त्याला हट्टी म्हटलं, म्हातारा म्हटलं, लहानपणी विहिरीत पडला होतास तेव्हाच काढायला नको होता असंही म्हटलं. तो म्हणाला, तेव्हाही तूच काढलंस आणि आयुष्यभर ऐकवलंस, आता आणखी एकदा काढ आणि ऐकव. तीन वाजायला दोन मिनिटं होती. भीती वाटत होती त्याला. तरी तो दोर धरत नव्हता.

तिनं कात्री खाली ठेवली.

"लावते," ती म्हणाली. "पण पंच मी."

तिनं खुर्ची ओढून टेबलाला भिडवली, इतकी की त्याची डावी टाच टेबलाच्या पायाला टेकायला चार बोटंसुद्धा उरली नाहीत. मग कॅसेट सरकवली, टीव्हीकडे पाठ केली आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. कुस्ती तिला आवाजावरून पाठ होती. चपराक, लाथ, पडल्याचा धप्प. दहाव्या मिनिटाला सभागृह शांत झालं. मग टाळ्या सुरू झाल्या.

धाकट्याचा श्वास थांबला. पाय ताणला गेला. ती मोजत होती. बावीस. चाळीस. साठ. त्याची नजर तिच्या डोक्यावरून पडद्यावर खिळली होती, ओठांचा रंग जात होता, पण चेहऱ्यावर हार कुठे नव्हती. ऐंशी. तिनं टेबलाच्या पायाकडे पाहिलं.

वीतभर अंतर होतं. खुर्ची हलली नव्हती. टेबल हललं नव्हतं. ती बघत असताना वीत दीड वीत झाली.

तिनं खुर्ची ढकलली. खुर्ची भिंतीसारखी बसून होती. तिनं त्याला काखेतून उचलायला पाहिलं. चिमणीएवढा माणूस जागचा हलेना. मग तिची नजर मोज्यावर गेली. लोकर एका बाजूनं चार जागी आत दबलेली होती, आणि दाब हळूहळू घट्ट होत होता.

थोरली वळली आणि टीव्हीकडे तोंड करून पोटावर आडवी झाली. त्र्याहत्तर वर्षांची हाडं फरशीवर वाजली. डाव्या हातानं तिनं त्याचा घोटा धरला. तिची बोटं जिथे टेकली तिथे लोकर नव्हती. ते गार होतं, ओलसर होतं, आणि तिच्या बोटांखाली ते किंचित हललं, आपली पकड सावरून घेत. तिनं सोडलं नाही. उजवा हात मागे टाकला, खांदा निखळेल इतका लांब केला, आणि टाळ्या शंभराच्या पुढे गेल्या तेव्हा तिच्या मधल्या बोटाचं टोक टेबलाच्या लोखंडी पायाला लागलं.

भाची नेमकी तेव्हाच दारात आली होती. समोर टीव्ही चालू, फरशीवर पालथी आत्या, एक हात बाबांच्या पायाला, दुसरा टेबलाला. नंतर कुणी विचारलं तर ती एवढंच सांगते, की दोघांचं नेहमीसारखं भांडण चालू असेल असं तिला वाटलं. पण आत्या बाबांकडे बघत नव्हती. ती बाबांच्या पायापलीकडे, टीव्हीखालच्या अंधाऱ्या फटीत बघत होती. मग पडद्यावर पंच ओरडला, बाबांनी घरभर ऐकू जाईल असा श्वास आत ओढला, आणि ते भांडण मिटलं. त्याआधी आत्या एकच वाक्य बोलली होती, वरच्या पट्टीत नाही, दुकानात गिऱ्हाइकाला सुनावते त्याच आवाजात:

"हा माझा पहिला दोर, खुशाल ओढ भिंतीवर रेघ, पण लागलाय तो लागलाय, आता सोड."